रिमोट उचलायचा आळस? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. खाली दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होऊ शकले असते. पण तुम्ही ज्या सुरात लिहिलंय तो सूर हल्ली फार ऐकू येतो, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: घरातला साधा स्प्लिट एसी स्मार्ट कंट्रोलर (रिमोटची नक्कल करणारी, वायफायवर चालणारी डबी) लावून अलेक्साला, म्हणजे ॲमेझॉनच्या आवाजावर चालणाऱ्या स्पीकरला, कसा जोडायचा, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, "मॅडम, नागपूरकर पिढ्यान्‌पिढ्या कूलरवर जगले. आता रिमोट उचलायचाही आळस आला म्हणून एसीशी बोलायचं, हे श्रीमंतांचे चोचले." पुढे असंही की हे यंत्र एकमार्गी आहे, एसी खरंच सुरू झाला की नाही ते त्याला कळत नाही, खोलीचं तापमान चुकीचं दाखवतं, घरात कान लावून बसलेला डबा आणायचा, वायफायच्या बँडचा मुद्दा मी शेवटी एका ओळीत उरकला आणि त्यात तुमचा रविवार गेला, आणि एकूण लेख "विकणाऱ्याची जाहिरात वाटतो".

वायफायचं तुमचं म्हणणं मान्य. तो मुद्दा वर, पहिल्याच पायरीला यायला हवा होता. वायफायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे असतात, आणि हे कंट्रोलर बहुतेक सगळे २.४ वरच चालतात. आजकालचे राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने सोडतात, फोन बसतो ५ वर, आणि ॲप "डिव्हाइस शोधत आहे" म्हणत अडकून पडतं. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन बँडना दोन नावं द्यायची, जोडणी होईपर्यंत फोन २.४ वर ठेवायचा, एवढंच. मूळ लेखात ती ओळ मी वर नेली आहे. तुमचा रविवार गेला याचं वाईट वाटलं. पण रविवार गेल्याचा राग तुम्ही ज्या शब्दांत काढलात, ते शब्द मला मान्य नाहीत.

आळस. हा शब्द तुम्ही किती सहज लिहिलात!

माझे सासरे अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झाले. मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, इंजिनाच्या पोटात शिरून काम केलेला माणूस. घरी आल्यावरही स्वतःचा चहाचा कप स्वतः विसळून ठेवणार. त्यांना आळशी म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती होणार नाही. आता त्यांना पार्किन्सन्स आहे. उजवा हात थरथरतो. एसीच्या रिमोटवरची ती रबरी बटणं एकदा दाबायची म्हटलं की तीनदा दाबली जातात. २६ चे २९ होतात, खाली आणायला गेले की २२. बोट चुकून मोडच्या बटणावर पडलं की कूलचं फॅन होतं, आणि एसी नुसती गरम हवा फिरवत राहतो. रात्री त्या पडद्यावरचे करडे आकडे त्यांना दिसत नाहीत. ह्या आजारात अंगाची उष्णता सांभाळायची व्यवस्थाही बिघडते, घाम कधी पाझरल्यासारखा येतो, कधी येतच नाही. आणि हाक मारायची नाही, हा त्यांचा बाणा. "पोरं दिवसभर राबतात, झोपू दे त्यांना." सकाळी उशीचा अभ्रा ओला मिळायचा तेव्हा आम्हाला कळायचं.

तुम्ही म्हणाल, मग हे मूळ लेखात का नाही लिहिलं? कशाला लिहू? घरातल्या माणसाचं दुखणं मांडल्याशिवाय एक वस्तू कशी जोडायची हेही सांगायची परवानगी नाही का? वाचणाऱ्याने आधीच धरून चालायचं की समोरची बाई सोफ्यावर लोळत पडली आहे आणि तिला हात लांब करायचा कंटाळा आहे? हा माझा तुमच्याशी खरा वाद आहे, तांत्रिक मुद्दे नंतरचे.

बरं, आवाजाने चालवणं म्हणजे काही गुंडी दाबली आणि झालं असंही नव्हतं. ह्या आजारात आवाज खाली जातो. स्पीकर आधी शोकेसमध्ये होता, तिथून त्यांचं बोलणं त्याला ऐकूच जायचं नाही, वर पंख्याचा आवाज. तो उचलून पलंगाशेजारच्या स्टुलावर आणला, उशीपासून हातभर अंतरावर. अलेक्साला मराठी येत नाही. हिंदी येतं, २०१९ पासून. आपल्या नागपुरात हिंदीची अडचण कोणाला? इतवारीत भाव करताना आपण सगळे हिंदीच बोलतो. पण "अलेक्सा, बेडरूम का एसी छब्बीस डिग्री पर सेट करो" एवढं लांब वाक्य एका दमात म्हणणं त्यांना जड जात होतं. म्हणून ॲपमध्ये रूटीन बनवलं. "अलेक्सा, ठंडा करो" म्हटलं की एसी सुरू, कूल मोड, २६ अंश, पंखा मंद. "अलेक्सा, बस करो" म्हटलं की बंद. पहिल्यांदा त्यांनी स्वतः एसी सुरू केला तेव्हा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "आता कोणाले उठवाचं काम नाही." तुमच्या मते हा आळस असेल. माझ्या मते त्या माणसाला त्याच्या खोलीची मालकी परत देणं आहे.

कूलरबद्दल तर मला शिकवूच नका. मी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात वाढले. मार्च संपता संपता कूलर माळ्यावरून उतरवायचा, वडील टाकीला रंग मारायचे, नवा वाळा भरायचा, आणि संध्याकाळी नळ आला की आई आणि मी बादल्या भरून ओतायचो. त्या वाळ्यावर पहिलं पाणी पडल्याचा वास मला आजही ओळखता येतो. आमच्या हॉलमध्ये आजही कूलरच आहे आणि मेअखेरच्या नवतपाच्या कोरड्या झळांत त्याच्यासारखं सुख नाही. पण कूलर पाण्याच्या वाफेवर थंडावा देतो, हवा कोरडी असेल तोवरच. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, हवेत दमटपणा आला की तोच कूलर चिकचिक वाढवतो, अंग पुसून पुसून माणूस थकतो. शिवाय त्याला खिडकी उघडी लागते, टाकीला रोज पाणी लागतं. थरथरत्या हाताने बादली कोण उचलणार? "पिढ्यान्‌पिढ्या कूलरवर जगले" म्हणताना त्या पिढ्यांतले म्हातारे मे-जूनच्या रात्री कसे काढायचे, हे तुम्ही पाहिलंय का? मी माझ्या आजीला पाहिलंय. ओला पंचा छातीवर टाकून ती रात्रभर अंगणात बसायची.

आणि श्रीमंतांचे चोचले! ऊर्जा दक्षता ब्युरोच्या नियमाने १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात. तापमान एक अंशाने वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ब्युरो सांगतो. हातात रिमोट असलेला माणूस बाहेरून तापून आला की सरळ १८ लावतो आणि झोपून जातो. आमच्याकडे मध्यरात्रीनंतर २७ वर जायचं आणि पहाटे बंद व्हायचं, हे आधीच लावून ठेवलंय. बिल भरणारी मी आहे. चोचले कोणाचे, ते दोन्ही घरांची बिलं शेजारी ठेवून बघू.

आता तुमचे बाकीचे मुद्दे, त्यांना फार वेळ देत नाही.

यंत्र एकमार्गी आहे, हे खरं. भिंतीवरचा जो थर्मोस्टॅट अमेरिकेतल्या घरांत असतो, तो २४ व्होल्टच्या तारांनी घर गरम करणाऱ्या भट्टीला आणि एसीला थेट जोडलेला असतो. आपल्या स्प्लिट एसीला तशा तारा नसतात, म्हणून आपण इन्फ्रारेडचा कंट्रोलर लावतो आणि तो रिमोटची नक्कल करतो. पण भाऊ, एसीबरोबर आलेला रिमोटसुद्धा एकमार्गीच असतो! टीव्हीच्या रिमोटसारखं एसीच्या रिमोटचं नसतं. प्रत्येक बटणाबरोबर तो मोड, तापमान, पंखा, सगळी अवस्था एकदम पाठवतो आणि आपल्या पडद्यावर तेच दाखवत बसतो. एसीने ऐकलं की नाही, त्याला काय माहीत? एसीचा स्विच बंद असताना रिमोट दाबून बघा, पडद्यावर २४ येईलच. त्या रिमोटवर तुम्ही इतकी वर्षं विश्वास ठेवलात. वीज जाऊन आल्यावर ॲपमध्ये चालू आणि प्रत्यक्षात बंद, असं होतं, नाही म्हणत नाही. एसीत ऑटो रीस्टार्ट असेल तर तो आपोआप पूर्ववत होतो. ज्याला पक्की खात्री हवी त्याने १६ अँपिअरचा, वीज मोजणारा स्मार्ट प्लग लावावा. वीज ओढली जातेय की नाही ते फोनवर दिसतं. फक्त त्या प्लगने एसी बंद-चालू करत बसू नये, कॉम्प्रेसरला ते चांगलं नाही.

तापमान चुकीचं दाखवतो म्हणता. तुम्ही सेन्सर कुठे ठेवलात ते लिहिलंच नाही. सेन्सर जिथे आहे तिथलं तापमान दाखवतो, तुमच्या उशीवरचं नाही. ३० मे २०२४ आठवतंय ना? रामदासपेठेतल्या हवामान विभागाच्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर नागपूरच्या बातम्या झाल्या, आणि मग विभागानेच सांगितलं की सेन्सर बिघडलेला होता. तिथे तसं होऊ शकतं, तर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर चिकटवलेल्या डबीला कशाला दोष देता? आणि एसीचा स्वतःचा सेन्सर असतो वर, आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर, छताजवळ. त्याचे २४ म्हणजे छताजवळचे २४. तुमच्या आकड्यांत फरक दिसतो त्याचं अर्धं कारण हेच आहे. सेन्सर आतल्या भिंतीवर ठेवा, पलंगाच्या उंचीला, एसीच्या झोताबाहेर, टीव्ही-फ्रिजपासून लांब. मग मला सांगा.

कान लावून बसलेला डबा: वर माइक बंद करायचं बटण असतं, दाबलं की लाल दिवा लागतो. रेकॉर्डिंग ॲपमधून पुसता येतात. ज्या फोनवरून तुम्ही मला हे सगळं लिहिलंत त्यालाही माइक आहेच. ह्यावर एवढं पुरे.

जाहिरातीचा आरोप मात्र मला लागला. कंट्रोलर आणि स्पीकर मी माझ्या पैशाने घेतले. लेखात एकही विकत घ्यायची लिंक नाही, कंपनीचं नाव मी मुद्दाम टाळलं होतं. तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असता तर दिसलं असतं, कारण शेवटच्या परिच्छेदात मी हेही लिहिलंय की नवा एसी घेणार असाल आणि त्यात वायफाय असेल, तर वेगळ्या कंट्रोलरवर पैसे घालू नका. विकणारा असं सांगतो का? एखाद्याच्या मेहनतीला "जाहिरात" म्हणताना दोन मिनिटं थांबायला काय हरकत आहे? माझ्या वडिलांचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला नको असलेली वस्तू गळ्यात मारायची नाही, हे मी त्या काउंटरमागे बसून शिकले.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, जशी आहे तशी राहू दे. जोडणी अजून होत नसेल तर एवढं करून बघा: आधी कंट्रोलरच्या स्वतःच्या ॲपमधून एसी चालतो का ते तपासा, कारण तिथे चालला नाही तर अलेक्सात कधीच चालणार नाही. ॲपच्या यादीत तुमच्या एसीच्या कंपनीखाली चार-पाच रिमोटचे प्रकार येतात. पहिल्याने नुसतं चालू-बंद होत असेल आणि तापमान बदलत नसेल तर पुढचा निवडा. मग अलेक्साच्या ॲपमध्ये कंट्रोलरच्या कंपनीचं स्किल (अलेक्साला ते यंत्र चालवू देणारी जोडणी) सुरू करा, त्याच खात्याने लॉगिन करा, डिव्हाइस शोधायला लावा. दोन खोल्यांत दोन एसी असतील तर दोघांचं नाव "एसी" ठेवू नका. तरी अडलं तर एसीचं मॉडेल आणि राउटर कोणता ते लिहा, सांगेन. फक्त माझ्या घरच्यांना आळशी म्हणून विचारू नका.