पिंप घासायचं कोणत्या वारी?

बुधवारची संध्याकाळ, पुण्यात शनिपाराजवळचा आमचा कट्टा. मंदारच्या मुलीला नुकताच डेंगी होऊन गेलाय, त्यामुळे तो आधीच तापलेला. "डासांच्या अळ्या सापडतील त्या घराघरात दंड ठोका! आठवड्यात सुतासारखे सरळ होतील सगळे."

वैशाली पावसाळाभर या अळ्या शोधत घरोघर पाण्याची पिंपं तपासत फिरते. ती म्हणाली, "दंड म्हटलं की दारच उघडत नाहीत रे. मग अळ्या बघू कुठे?"

मी १८९७ काढलं. प्लेगच्या वेळी इंग्रज प्लेग अधिकारी रँडच्या हुकमावरून गोरे सोजीर याच पेठांतल्या घरांत शिरले, स्वयंपाकघर बघितलं नाही की देवघर. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडला गोळ्या घातल्या, ते पुढचं. पण लपवलेल्या माणसांबरोबर रोगही घरातच राहिला, हे आपण विसरतो.

"मग काय, लाड करायचे लोकांचे?" मंदार.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी राजस्थानात उदयपूर भागातल्या गावांत मुलांच्या लसीकरणाचा केलेला प्रयोग मी सांगितला. काहीच वेगळं न केलेल्या गावांत सगळ्या लशी पूर्ण झालेली मुलं ६ टक्के. ठरल्या दिवशी नेमानं शिबिर भरलं तिथे १८. आणि शिबिराबरोबर दर लशीला किलोभर डाळ, सगळ्या लशी झाल्यावर ताटं दिली, तिथे ३९.

"लाच आहे ही! आणि तरी शंभरातली साठ पोरं राहिलीच ना?" मंदार.

राहिली, खरंच. पण सहाची एकोणचाळीस झाली ती धमकीनं नाही. मजुरी बुडवून येणारी आई 'पुढच्या वेळी जाऊ' म्हणते. डाळीमुळे ती आजच निघते. याला लाच म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वैशाली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मागच्या बुधवारी वस्तीत एका आजींना पत्रक वाचून दाखवलं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, पिंप रिकामं करा. त्या म्हणाल्या, बाई, उद्या गुरुवार, पाणी बंद. आज ओतलं तर उद्या प्यायचं काय?"

कुणी काही बोललं नाही. पुण्यात गुरुवारी पाणी बंद असलं की बुधवारी रात्री घरात असेल नसेल ते भांडं भरून ठेवतात, हे आपल्यातल्या कुणाला माहीत नाही?

वैशाली पुढे म्हणाली, "त्यांच्या पिंपात बॅटरी मारली तर अळ्या वळवळत तळाला गेल्या. पण खरी मेख वेगळीच आहे. अंडी पाण्याच्या रेषेपाशी, पिंपाच्या आतल्या अंगाला चिकटलेली असतात, काळ्या ठिपक्यांसारखी. नुसतं पाणी ओतून जात नाहीत. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. घासावंच लागतं."

"आणि गुरुवारी रात्री पिंप तसंही तळाला गेलेलं असतं," मी म्हणालो.

"तेच तर! शुक्रवारचं पाणी यायच्या आत घासा म्हटलं, तर आजी लगेच हो म्हणाल्या. आमचा वार चुकला होता, आजी नाही."

हे पत्रक छापायच्या आधी कुणी त्या वस्तीत अर्धा तास बसलं असतं तर! मला मनापासून वाईट वाटतं याचं.

मंदार हटला नाही. "बांधकामांवरच्या डबक्यांचं काय? तिथे कुठली आजी?" तिथे दंडच हवा, जबर हवा. यावर तिघांचं एकमत झालं.

आठ वाजले तसा तो उठला. "चला, बादल्या भरायच्यात."

"भर," वैशाली म्हणाली, "पण उद्या रात्री काथ्या घेऊन घास. नुसता तळ नको, कडा घास."