बसली की ओ!

साखरपुड्यात अंगठी घालताना फोटोग्राफर म्हणत असतो ना, सर हळू, अजून हळू, मॅडम इकडं बघा, तसं म्हणायची संधीच आम्ही त्याला दिली नाही. अंगठी सुर्रकन बोटाच्या मुळापर्यंत गेली, तिथं एक गिरकी घेतली आणि वरची अक्षरं तळहाताकडं तोंड करून बसली. मग होणाऱ्या बायकोनं जी मूठ आवळली ती पंगती उठेपर्यंत सोडली नाही. नमस्काराला मूठ, आहेर घ्यायला मूठ. आमच्या आत्यानं मला बाजूला घेऊन विचारलंच, "पोरगी रागीट हाय का रे?"

तर 13 नंबरची सांगितलेली अंगठी 18 नंबरची आली होती. आणि ही काही ट्रेमधून उचललेली नाही, ऑर्डर देऊन करून घेतलेली, दोघांची अक्षरं एकमेकांत गुंतवलेली, वर बारीक हिरे. माप आम्ही घरी दोरा बांधून घेतलं असंही नाही. होणारी बायको मुद्दाम बार्शीहून आली होती, दुकानातल्या पोरानं स्वतः रिंगांचा तो जुडगा खुळखुळवत तिच्या बोटात एकेक घालून बघितली, 13 वर थांबला, "एकदम परफेक्ट बसली मॅडम" म्हणाला आणि लिहून घेतलं. तोळा लाखाच्या वर गेलेला असताना माणूस परफेक्ट या शब्दावर विश्वास ठेवतो, दुसरं काय करणार.

साखरपुडा आटपून जरा दम खाल्ला आणि आई, मी आणि ती असे तिघं सोलापूरच्या सराफ कट्ट्यात. मधल्या मारुतीजवळ गाडी लावायला जागा शोधण्यातच माझा निम्मा राग संपला, ही त्या भागाची खासियत आहे, तिथं भांडायला जाणारा माणूस पोचेपर्यंत घामानं थकलेला असतो. दुकानात एसी होता. आणि एसीच्या बरोबर खाली, चांगली जागा धरून, एक काका बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून शेंगाचटणीचा वास. मी म्हटलं गिऱ्हाईक असेल. नंतर कळलं की काका रोज येतात, भाव विचारतात, "लई झालं की ओ" म्हणतात, चहा पितात आणि जातात. आजवर त्यांनी तिथून काय घेतलंय हे मालकालाही आठवत नव्हतं.

मी मालकाला अंगठी दाखवली. मालकानं अंगठी बघितली, मग तिचं बोट बघितलं, मग परत अंगठी, आणि शांतपणे म्हणाला, "बोट बारीक झालंय."

"ओ, एका महिन्यात?"

"उन्हाळ्यात माप घेतलेलं ना. उन्हाळ्यात बोट सुजतंय."

आता हे खरं आहे, उन्हात बोटं फुगतात, थंडीत आकसतात, सकाळचं माप आणि संध्याकाळचं माप यातही फरक पडतो. पण मीही आदल्या रात्री मोबाईलवर वाचून तयारीनं गेलो होतो. आपल्याकडचा अंगठीचा नंबर म्हणजे आतला घेर मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि त्यातून 40 वजा करायचे. 13 नंबर म्हणजे 53 मिलिमीटर, 18 म्हणजे 58. म्हणजे पाच मिलिमीटरचा फरक. सोलापूरचा उन्हाळा कितीही कडक असला, पारा 44 ला गेला, तरी बोट पाच मिलिमीटर सुजत नाही, सुजलं तर माणसाला सराफाकडं नाही, दवाखान्यात नेतात. हे मी जरा मोठ्यानं बोललो असेन, कारण काका जागे झाले.

"काय झालं ओ पाव्हणं?"

मी सांगितलं नाही. आईनं सांगितलं. आमच्या आईला कुणी "काय झालं" विचारलं की ती पहिल्यापासून सांगते, म्हणजे स्थळ कुणी आणलं इथपासून. काकांनी सगळं ऐकून घेतलं, मुलीकडचे कुठले, शेती किती, मुलगा काय करतो, मग हात पुढं केला. "बघू."

अंगठी त्यांच्याकडं का दिली हे मला आजही कळलेलं नाही. मालकानंच दिली, साहेबांसमोर फाईल ठेवावी तशी. काकांनी ती लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली, फुंकर मारली आणि सरळ स्वतःच्या करंगळीशेजारच्या बोटात घातली.

बसली.

नुसती बसली नाही, अशी बसली की जणू त्याच बोटासाठी घडवलेली. काकांनी हात दिव्याखाली धरला, पंजा उघडला, मिटला, उलटा केला, हिरे चमकवून बघितले. "बसली की ओ!" काउंटरवरचा पोरगा पण म्हणाला, "बसली की." मालकाच्या चेहऱ्यावर तर केस जिंकल्याचा आनंद. "बघा, मापात खोट नाही." आणि मी, ज्यानं पैसे भरले होते तो, माझं आणि होणाऱ्या बायकोचं नाव एका अनोळखी म्हाताऱ्याच्या बोटात गुंतलेलं बघत उभा.

"काका, ती काढा," मी म्हटलं.

"काढतो की, पळून चाललोय व्हय." पण काढेनात. उलट त्याच हातानं टोपी सारखी केली, त्याच हातानं चहाचा कप उचलला. हो, चहा. काकांना चहा आला. आम्हाला पाणी विचारलं होतं. या दुकानात अंगठीचं बिल भरणाऱ्याला पाणी आणि भाव विचारणाऱ्याला चहा. हे मला अंगठीपेक्षा जास्त लागलं, खरं सांगतो.

चहा पिता पिता काकांनी उपाय सांगायला घेतले. पहिला, दोरा गुंडाळा. दुसरा, मधल्या बोटात घाला. ती म्हणाली मधल्या बोटातही सैल आहे. मग अंगठ्यात घाला. तिसरा उपाय असा की थांबा. "लग्नानंतर बोट भरतंय. आमच्या मंडळीचं बघायचं होतं, लग्नात काडी होती काडी, आता बांगडी चढत नाही."

"म्हणजे मी आता पाच नंबर जाड होऊ का?" ती इतका वेळ गप्प होती, पण हे तिनं असं विचारलं की काकांनी कप खाली ठेवला. चौथा उपाय मात्र काकांच्या मते रामबाण होता. अंगठी मुलाच्या बापाला द्यायची आणि मुलीला नवी करायची. यावर मालकानं इतक्या जोरात मान हलवली की मला संशयच आला, काकांना चहा याचसाठी मिळतो का.

मग काका अंगठी या गोष्टीवरच घसरले. अंगठी कशाला पाहिजे म्हणे. आपल्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वराचं लगीन दर साली संक्रांतीच्या जत्रेत लागतंय, म्हणजे त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं, सात नंदीध्वज येतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, बाराबंदी घातलेली माणसं, अख्खं गाव जमतं, हाय का तिथं अंगठी? आता यात काका चूक काहीच बोलत नव्हते. या गड्ड्याच्या जत्रेत मी लहानपणापासून अक्षता टाकत आलोय, अंगठी मलाही कधी दिसली नाही. पण मुद्दा असा होता की मी सिद्धेश्वर नाही, माझ्या सासूबाई कुंभारकन्येच्या आई नाहीत, आणि ही अंगठी काकांच्या बोटात होती. ती मागावी कशी या विचारात असताना आईनं "देवाचं वेगळं असतंय ओ" म्हणत त्यांच्या बोटातून ती सरळ ओढून काढली. साबण लागला नाही, एवढं नशीब.

तोपर्यंत पोरानं ऑर्डरची चिठ्ठी शोधून आणली. चिठ्ठीवर दुकानाच्याच अक्षरात लिहिलेलं: 13, आणि पुढं 18. पुढचं 18 म्हणजे कॅरेट, हिऱ्याचे दागिने 18 मध्ये करतात म्हणून. कारागिरानं कॅरेट वाचलं आणि नंबर समजून अंगठी ओतली. म्हणजे बोट बारीक झालं नव्हतं, चिठ्ठी लिहिणाऱ्यानं नंबर आणि कॅरेट हे दोन शब्द लिहायचा कंटाळा केला होता. दुकानात शांतता पसरली. मला वाटलं आता मालक सॉरी म्हणणार. त्याआधी काका बोलले.

"मग सोनं 13 कॅरेटचं झालं का ते बघा की आधी."

हे मात्र लाखात एक बोलले. माझ्या पोटात गोळा आला. मी तिथंच हॉलमार्क तपासायचं सरकारी बीआयएस केअर अ‍ॅप उघडलं, अंगठीच्या आत कोरलेला सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा हॉलमार्क नंबर, भिंगातून वाचून टाकला, नेट फिरतंय फिरतंय, मालकाचा चेहरा पडलेला, "आमच्यावर विश्वास नाही का" वगैरे चालू, शेवटी आलं. 18 कॅरेट, 750, म्हणजे हजारात 750 भाग सोनं. ठीक. सोनं बरोबर होतं, फक्त बोट दुसऱ्याचं होतं.

आता दुरुस्तीचं. साधं वळं असतं तर कापून परत जोडलं, वर टाका मारला की झालं. पण वर हिरे आहेत आणि पाच नंबर कमी करायचे म्हणजे वरच्या भागाची गोलाई बदलते, खडे ढिले होतात, एकदोन नंबरला काही होत नाही पण पाच म्हणजे वरचं सगळं पुन्हा बसवायला लागतं. हे कारागिरानं फोनवर सांगितलं, आणि सगळ्यात सरळ तोच बोलला. मालक मात्र लगेच कॅल्क्युलेटरवर. खालून पाव ग्रॅम सोनं निघेल, ते आम्ही मोडीत धरू, त्यात घट जाईल, वर दुरुस्तीची मजुरी. मी म्हटलं थांबा. त्या पाव ग्रॅमवर मी तुम्हाला मजुरी दिलीय, 3 टक्के जीएसटी दिलाय, ते सोनं मी मागितलंच नव्हतं, तुम्ही घातलं, आणि आता तेच तुम्ही माझ्याकडून जुनं सोनं म्हणून घट कापून घेणार? परवा दुकानातून नवीन म्हणून निघालेलं आज जुनं कसं झालं ओ? यावर मालक म्हणाला, "सिस्टीमच तशी आहे." हे वाक्य आलं की समजायचं, समोरच्याला उत्तर माहीत आहे पण द्यायचं नाही.

खूप वेळ घासाघीस झाली, त्यातली निम्मी काकांनी केली, कधी आमच्या बाजूनं, कधी त्यांच्या, चहा कुणी सांगितला त्यावर. शेवटी दुरुस्तीची मजुरी माफ झाली. माफ! चूक त्यांची आणि माफी त्यांनीच केली, वर उपकार केल्यासारखा हात जोडून. कापलेला तुकडा मी हातात मागितला. अंगठी मापाची होऊन आली तेव्हा तो पण आला, सोनाराच्या त्या गुलाबी कागदात घडी करून, इतका छोटा की आई म्हणाली शिंकू नकोस. अंगठी आता नीट बसते. अक्षरांच्या कडेला टाक्याची एक बारीक रेघ दिसते, तिला दिसत नाही म्हणे, मला रोज दिसते.

मी घरी जाहीर केलं की त्या दुकानात पुन्हा पाऊल नाही. आई म्हणाली दुसरीकडं मजुरी जास्त आहे. त्यामुळं येत्या गुरुपुष्याला मंगळसूत्राच्या वाट्या तिथंच करायला टाकणार आहोत. आगाऊ द्यायला आई आणि मी काल जाऊन आलो. पोरानं वही उघडली, पेन काढलं. मी म्हटलं जे लिहायचं ते शब्दात लिहा, इंच म्हणजे इंच, ग्रॅम म्हणजे ग्रॅम. एसीखालून आवाज आला, "लग्न कुठल्या कार्यालयात हाय?" आणि मी तोंड उघडायच्या आत आईनं तारखेसकट पत्ता सांगितला.