२४ नगांचा खोका

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी लाईक ठोकून पुढे सरका.

लेक पुढच्या महिन्यात शिकायला बाहेर चाललीय. नणंदेने प्रेमाने व्हॉट्सॲपवर यादी पाठवली, "किचनचं अगदी बेसिक सामान", आणि मोजले तर ४१ आयटम. लसूण चिरडायचं यंत्र, उकडलेल्या अंड्याच्या चकत्या करायचं यंत्र, पाला गरगर फिरवून कोरडा करायचं यंत्र (हो, असतं असं). अहो, पोरीला चौघींत एक ओटा मिळणारे आणि वाट्याला फळी एक! ती तिथे शिकायला चाललीय की खानावळ काढायला?

बरं, यादी एक वेळ सोडा. संध्याकाळी दुकानात गेलो तर समोर तो खोका. २४ नग, "विद्यार्थी स्पेशल". झाकण वेगळा नग, चमचा वेगळा नग, असं करत करत २४. तो सेल्समन म्हणतो कसा, "मॅडम, कुठल्याही शेगडीवर चालतं." मी पर्समधून फ्रिजवरचा मॅग्नेट काढला (मुद्दाम नेला होता, लेक लाजेने दुसऱ्या रांगेत निघून गेली) आणि पातेल्याच्या बुडाला लावला. घसरून खाली पडला. बुडाला मॅग्नेट चिकटत नाही ते भांडं इंडक्शनवर तापत नाही, इतकं साधं आहे हे. वर १८/१० छापलंय म्हणून हुरळू नका, तो क्रोमियम आणि निकेलचा टक्का, आणि नुसत्या त्या स्टीलला मॅग्नेट धरतच नाही, म्हणून तर चांगल्या भांड्याच्या बुडात वेगळा थर घालतात. आणि मुळात तिथे शेगडी कुठली आहे, खोलीत स्वयंपाक करू देतात की नाही, हे आधी विचारायचं असतं ना? आमच्या ४१ आयटमवाल्या यादीत हा प्रश्नच नाही!

मी एवढी का चिडलेय ते सांगते. मी १८ वर्षांची असताना बाबांनी मलाही असाच खोका दिला होता. दोरीने बांधलेला, मी मिरवत नेला. माझी रूममेट आली ती एक खोलगट जाड बुडाचं पॅन आणि कागदात गुंडाळलेली एक सुरी घेऊन, बस. मला तिची कीव आली होती, खरंच. महिनाभरात माझी पातळ पातेली तळाला काळी, एकाचा कान निखळला, नॉनस्टिकवर मी काट्याने खरवडून खरवडून नकाशे काढले. आणि त्यानंतर वर्षभर आम्ही पाचजणी तिच्या त्या एका पॅनमध्ये जेवलो. भात त्यात, भाजी त्यात, सूप त्यात, अंडी त्यात, रात्री दूधही त्यातच. हँडलचा स्क्रू दर आठवड्याला ढिला व्हायचा, आम्ही सुरीच्या टोकाने पिळायचो, एक दिवस टोकच तुटलं. त्याला झाकण नव्हतं म्हणून माझ्या खोक्यातलं एक स्टीलचं ताट वर ठेवायचो. २४ नगांमधला तेवढा एकच नग वर्षभर कामाला आला.

मोठ्या सुट्टीत ती घरी गेली आणि पॅन घेऊन गेली. आम्ही चौघी दहा दिवस ब्रेड खाऊन राहिलो. माझा खोका कपाटावर होता!

म्हणून म्हणते, एक जाड बुडाचं खोल पॅन द्या, झाकणासकट. एक मध्यम पातेलं. आणि सुरी एकच पण बरी द्या, सहा ते आठ इंच पात्याची, ती सहा सुऱ्यांची लाकडी ठोकळी नको. बोथट सुरीनेच बोट जास्त कापतं, कारण आपण जोर लावतो आणि ती कांद्यावरून सटकते. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे, खोक्यातल्या सुरीची. बोर्ड लाकडी किंवा प्लास्टिकचा, काचेचा दिसायला छान पण आठवड्यात धार जाते. बोर्डाखाली ओलं फडकं टाकलं की तो सरकत नाही, हे मला वयाच्या तिशीत कळलं, कुणी सांगितलंच नव्हतं. बाकी एक उलथनं, एक डाव, चाळणी, पीलर, दोन घट्ट झाकणाचे डबे, गरम भांडं उचलायला दोन जाड फडकी. संपलं. काही कमी पडलं तर तिथेही दुकानं आहेत की.

हो, नॉनस्टिकवर अंडं सोपं जातं, मान्य. तेवढ्यासाठी एक छोटं घ्या हवं तर. पण पोरं ते रिकामं मोठ्या आचेवर ठेवून फोनवर बोलत बसतात, आणि साधारण २६० डिग्रीच्या वर तो थर खराब व्हायला लागतो, हे कोण सांगणार त्यांना? खोक्यावर पाककृतीचं पुस्तक फुकट म्हणून छापतात, पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही, आच बंद करून झाकण ठेवायचं, हे कुठे छापत नाहीत. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी खायचा नाही हेही नाही. मी हे सगळं लेकीला सांगायला लागले तर म्हणाली, "आई, मी युनिव्हर्सिटीत चाललेय, युद्धावर नाही."

आता ऐका पुढचं. मी सुऱ्या बघत होते तेवढ्यात नवऱ्याने तो खोका विकत घेतला. मॅग्नेट पडलेला डोळ्यांनी बघून!! गाडीत मी एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर म्हणाला, "अगं, काहीतरी द्यावंसं वाटलं." आणि खोक्यावरचं लेबल नखाने सोलत बसला.

हे टाइप करता करता बाबा आठवले. त्यांना चहासुद्धा करता यायचा नाही. त्यांनी त्या दुकानात उभं राहून काय विचार केला असेल, कुणाला विचारलं असेल, दोरी बांधताना दोनदा गाठ मारली होती एवढं आठवतंय. मी त्यांना कधी सांगितलं नाही की खोका वापरला नाही म्हणून. विचारायचे ते, "भांडी बरी आहेत ना?" मी म्हणायचे, एकदम बरी.

असो. खोका उद्या परत जाणार म्हणजे जाणार, पावती माझ्याकडे आहे. लेकीने आज घरातल्या जुन्या पॅनमध्ये अंडं केलं, पॅन तापायच्या आधीच घातलं, चिकटलं, मी तोंड दाबून गप्प उभी राहिले. दुसरं नीट निघालं.

मघाशी त्या रूममेटला मेसेज केला, ते पॅन आहे का गं अजून? म्हणाली पॅन कधीच गेलं, पण तुझं ताट आहे, रोज दुधावर झाकते, आणि परत मागू नकोस.