मेव्हण्याच्या नावाचा रस्ता

आमच्या आळीतला काँक्रीटचा रस्ता दिवाळीआधी झाला आणि होळीपर्यंत उखडला. ग्रामसभेत उभं राहून विचारलं, काम कुणाचं? ‘मजूर संस्थेचं.’ म्हणजे मजुरांच्या सहकारी संस्थेचं. पण कुठल्या? सगळे गप्प. माहिती अधिकारात अर्ज टाकला. कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यायचं, इथे अडीच महिने गेले. कागद हातात आले तर संस्थेचा अध्यक्ष आमच्याच एका ग्रामपंचायत सदस्याचा सख्खा मेव्हणा!

मिक्सर सदस्याच्या गोठ्यामागे उभा असतो, मजुरांची हजेरी त्याचा मुलगा घेतो. अख्ख्या गावाला दिसतं हे. आणि बिल मासिक सभेत आलं तेव्हा मंजुरीसाठी पहिला हात याच माणसाचा वर. लाज कशी वाटत नाही?

एकाच रस्त्याचे तीन तुकडे पाडले, म्हणजे प्रत्येक काम छोटं दिसावं आणि ई-निविदेची, म्हणजे ऑनलाइन खुल्या बोलीची, वेळच यायला नको. छोट्या कामांतली काही मजूर संस्थांसाठी राखून ठेवायची, ही सोय हातावर पोट असणाऱ्यांसाठी केलेली आहे. घमेली उचलणाऱ्या बायाबापड्यांच्या नावाने काम घ्यायचं आणि त्यांना रोजंदारीवर राबवून मधला सगळा पैसा घरात न्यायचा, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

ग्रामपंचायत अधिनियम, 1958, कलम 14 काढून वाचा. पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे हिस्सा असेल, तो सदस्य राहू शकत नाही. हे ग्रामसेवकाला दाखवलं तर म्हणतो, ‘पण कागदावर त्यांचं नाव कुठंय?’ अहो, नाव कागदावर येत नाही म्हणूनच तर ‘अप्रत्यक्षपणे’ हा शब्द कायद्यात घातलाय! मग पुरावा कोणी शोधायचा? मी. रजा टाकून, एसटीने तालुक्याला खेटे घालून. झालेल्या कामाची मापं लिहिलेली मोजमाप पुस्तिका ज्यांच्या कपाटात आहे, ते नुसते बसून राहणार.

सदस्याच्या अपात्रतेसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतोय. आळीतले चौघे सही देणार होते. आज सकाळी दोघांनी पाय मागे घेतला. एकाच्या घरकुलाचा हप्ता अडकलाय, दुसऱ्याला घराची नोंद लावून घ्यायचीय, आणि दोन्ही कामं त्याच सदस्याच्या शब्दावर अडलीयत. त्यांना मी काय बोलणार? माझी धरून तीन सह्या घेऊन सोमवारी जातोय.