जाड पत्रा, विहीर आणि मागच्या सीटचा बेल्ट

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: "जुन्या ॲम्बेसिडरचा पत्रा जाड, म्हणून माणसं वाचायची. आताच्या गाड्या लगेच चेपतात. बेल्ट-एअरबॅग हा कंपन्यांचा धंदा. गाडी विहिरीत गेली तर बेल्टच जीव घेतो. मागं बसणाऱ्याला तर त्याची गरजच नाही." बीड-लातूरकडं रात्री बिनरिफ्लेक्टरच्या ऊसट्रॉल्यांमधून वाट काढणाऱ्यांनी हे खरं मानलं तर जीव जातील.

आधी पत्र्याचं. गाडीचं तोंड मुद्दामच चेपणारं बनवतात. मर्सिडीजच्या बेला बारेन्यी यांनी १९५० च्या दशकात ही रचना रुजवली: पुढचा-मागचा भाग दबावा, मधली केबिन ताठ राहावी. पत्रा दुमडण्यात धडकेचा जोर खर्च होतो. तो दुमडलाच नाही तर जोर आतल्या माणसाला सोसावा लागतो. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या संस्थेनं २००९ साली १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू ताशी ६४ किमी वेगानं समोरासमोर धडकवल्या. दणकट दिसणाऱ्या बेल एअरची केबिनच मोडली. तिच्यात खरा ड्रायव्हर असता तर गेला असता. मालिबूतल्याचं पायाच्या दुखापतीवर निभावलं असतं.

धंदा म्हणाल तर आजचा तीन टोकांचा बेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आणला आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं केलं.

विहिरीची भीती खरी आहे, बिनकठड्याच्या विहिरी रस्त्याला लागूनच आहेत. पण बुडत्या गाडीतून निघायला माणूस आधी शुद्धीवर हवा. पडताना डोकं काचेवर आदळू न देणारा बेल्टच असतो, आणि लाल बटण दाबलं की तो सुटतो.

सगळ्यात घातक दावा मागच्या सीटचा. ताशी ८० नं जाणारी गाडी जागीच थांबली तर आतला माणूस २५ मीटरवरून, म्हणजे सात-आठ मजल्यांवरून पडावा तितक्या वेगानं पुढं जातो. समृद्धीवर तर कारला १२० ची मुभा आहे. मागचा माणूस स्वतः मरतोच, पुढच्यालाही चिरडतो. ३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे मागच्याच सीटवर होते. बेल्ट लावला असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी पुढं जाहीरपणे सांगितलं. मुंडेसाहेबांसाठी परळीत ढसाढसा रडलेल्या जिल्ह्यात तरी हा मेसेज फिरू नये.

आणि आपल्या गाड्या बघा. नवं सीटकव्हर चढवताना मागचे बकल खाली दाबले जातात, वर्षानुवर्षं कुणी बाहेर काढत नाही. पुढं बेल्टचा आवाज बंद करायला नुसती क्लिप खोचलेली असते. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं ऑनलाइन कंपन्यांना या क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. कव्हरवाल्याकडून बकलांपुरत्या चिरा पाडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.