अवघ्या पाच मिनिटांत वायफाय एक्स्टेंडर

आतल्या बेडरूममध्ये वायफाय येत नाही? अभिनंदन, म्हणजे तुमच्या घराला भिंती आहेत. आता यावर दोन उपाय आहेत. एक, राउटर उचलून घराच्या मध्यावर आणायचा. त्याला थोडी वायर आणि एक शिडी लागते. दुसरा उपाय म्हणजे रेंज एक्स्टेंडर, म्हणजे वायफाय पुढच्या खोलीत पोचवायला भिंतीतल्या पॉइंटमध्ये खोचायचा डबा. त्याला तुमचा अख्खा शनिवार-रविवार लागतो, घरातल्या माणसांचे आपसातले संबंध लागतात, आणि पैसे तर लागतातच. इंटरनेट कंपनीची बाई फोनवर गोड आवाजात यातला दुसरा उपायच सुचवते. तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं, तेव्हा तोच करायचा.

मुळात राउटर कुठे बसवायचा हे ठरवण्याचा अधिकार घरमालकाला नसतो. तो फायबर घेऊन आलेल्या मुलाच्या हातातल्या वायरला असतो. वायर संपली की राउटरची जागा ठरली. आमच्या ठाण्यातल्या टू बीएचकेमध्ये ती दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर संपली. "ताई, पूर्ण घरात रेंज येणार, टेन्शन नका घेऊ," असं म्हणून त्यानं राउटरला जवळजवळ मिठी मारून स्पीड टेस्ट केली, आकड्याचा फोटो काढला, माझ्याकडून ओटीपी घेतला आणि "फाइव्ह स्टार द्या हां" म्हणत लिफ्टमध्ये शिरला. आतल्या खोलीकडे त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. तुम्हीही पाहू नका. अपशकुन होतो.

खरेदीला गेलात की खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा निवडा. १२०० लिहिलंय ना? घ्या. हे १२०० म्हणजे वेग: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ३०० एमबीपीएस अधिक ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे ८६७, आणि वर हात सढळ ठेवून केलेलं पूर्णांकीकरण. तुमचा फोन एका वेळी यातल्या एकाच पट्ट्यावर बसतो, ही बाब खोक्यावर मावत नाही. थोरल्याचे ८० आणि धाकटीचे ६५ मिळवून "आमच्या घरात १४५ टक्के पडले" असं शेजाऱ्यांना सांगण्यातला हा प्रकार. हे आकडेही कागदावरचे. शिवाय स्वस्त डब्यांच्या बुडाशी जे वायरचं भोक असतं ते बहुतेकदा १०० चंच. पण तिकडे बघायचं नाही, आकडा बघायचा.

आता जागा. जिथे रेंज अजिबात येत नाही, नेमक्या त्याच कोपऱ्यात एक्स्टेंडर खोचा. एक्स्टेंडर स्वतः इंटरनेट तयार करत नाही, त्याच्या कानावर जे पडतं तेच तो पुढे ओरडून सांगतो, अशी एक अफवा आहे. दुर्लक्ष करा. फोनवर सगळ्या काड्या भरलेल्या दिसतील, सासूबाईंच्या टॅबवर मालिका गोल गोल फिरत राहील, आणि तुम्ही "रेंज तर फुल आहे!" असं म्हणत राहाल. त्या काड्या टॅब आणि एक्स्टेंडर यांच्यातल्या असतात. एक्स्टेंडर आणि राउटर यांच्यात काय चाललंय ते डब्यावरचा बारीकसा लाल दिवा सांगत असतो, पण तो भिंतीकडे तोंड करून असतो.

काही पुस्तकी लोक सांगतात की एक्स्टेंडर राउटर आणि खोली यांच्या मधोमध लावावा, जिथे रेंज अजून बऱ्यापैकी आहे तिथे. आमच्या घराच्या मधोमध बाथरूमचं दार आहे. तिथे पॉइंट नाही.

फ्रिजच्या मागेही लावता येतो. दिसत नाही, छान वाटतं.

मायक्रोवेव्हच्या शेजारी तर उत्तमच. दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचे, एकमेकांना सोबत होते.

आता प्रत्यक्ष जोडणी, जी खोक्यावरच्या चित्रानुसार पाच मिनिटांत होते. चित्रात एक हसरी बाई एक बटण दाबते. हे डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडणी करायचं बटण. राउटरवरचं दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत एक्स्टेंडरवरचं. कंपनीनं दिलेल्या राउटरवर हे बटण एक तर नसतं, नाहीतर असूनही आतून बंद केलेलं असतं. मग उरतं ॲप. ॲप आधी तुमचं लोकेशन मागतं. मग ईमेल, मग पासवर्ड, मग ईमेलवर आलेला कोड, मग "आमच्या नव्या ऑफर्स कळवू का?" अहो, मी भिंतीत खोचायचा डबा घेतलाय, गृहकर्ज नाही! बरं, तेही देऊन झालं. आता फोन एक्स्टेंडरच्या स्वतःच्या वायफायला जोडायचा. त्या वायफायला अर्थातच इंटरनेट नसतं, कारण ते यावं म्हणूनच हा सगळा खटाटोप. फोन हुशार. "इथे इंटरनेट नाही" म्हणतो आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. की संपलं, ॲपला एक्स्टेंडर दिसेनासा होतो. "डिव्हाइस सापडले नाही. पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा केला, पुन्हा सापडलं नाही. पिन खुपसून रिसेट केला, दिवे लुकलुकले, पुन्हा तेच. जगातल्या झाडून सगळ्या भाषांत छापलेल्या त्या घडीच्या कागदावर, तिळाएवढ्या अक्षरात का होईना, "आधी मोबाइल डेटा बंद करा" ही पाच शब्दांची ओळ टाकायला यांच्या शाईला महाग झालं होतं का? भिंतीवर टांगू नका, पाण्यात बुडवू नका, लहान मुलांच्या तोंडात देऊ नका, हे सगळं आहे. जे हवं ते नाही!

मग कागद सांगतो, ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.२५४ हा एक्स्टेंडरचा पत्ता टाका. डेटा चालू असेल तर हा नंबर नेमका पोचत नाही, म्हणून माणूस वैतागून डब्याचं नाव आणि "सेटअप" असं सर्चमध्ये टाकतो. वर दिसतात चकचकीत साइट्स आणि हेल्पलाइन नंबर. पलीकडचा माणूस फारच नम्र. "मॅडम, एक ॲप डाउनलोड करा, मी तुमची स्क्रीन बघून लगेच करून देतो." थट्टा बाजूला ठेवून सांगते: असा नंबर बहुधा कंपनीचा नसतो. स्क्रीन दाखवायची नाही. त्याच स्क्रीनवर तुमच्या बँकेचे मेसेज येतात. खोक्यावर छापलेला नंबर आहे, लागला तर तो लावा. लागत नाही, ते वेगळं.

जोडणी झाली? पेढे वाटा. आता घरात दोन वायफाय आहेत, एक तुमचं आणि एक त्याच नावाला शेपटी लावलेलं. फोन हॉलमध्ये ज्याला चिकटला त्याला शेवटच्या काडीपर्यंत सोडत नाही, त्यामुळे बेडरूममध्ये पोचल्यावर रोज हातानं बदलावं लागतं. दोघांना एकच नाव दिलं तरी उडी कधी मारायची ते फोनच ठरवतो. आणि वेग निम्मा झाला तर घाबरू नका. स्वस्त डबा त्याच एका चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर बोलतो, दोन्ही एकदम जमत नाही.

वीज गेली-आली की एक्स्टेंडर राउटरच्या आधी जागा होतो, घरात कोणी दिसत नाही म्हणून रुसून बसतो. काढून परत खोचायची ड्यूटी घरातल्या सर्वांत लहान मेंबरला द्या.

इतकं करूनही नाही चाललं तर मेश घ्या, म्हणजे घरभर ठेवून एकच वायफाय देणाऱ्या डब्यांचा संच. दुकानदारालाही मुलंबाळं आहेत.

किंवा कंपनीला फोन करा. "मॅम, राउटर बंद करून चालू केला का?" केला. "आमच्या बाजूनं सिग्नल ओके दाखवतंय." तुमच्या बाजूनं दाखवणारच, तुमची बाजू चपलांच्या कपाटापाशी संपते! राउटर मधल्या भिंतीवर हलवून द्या म्हटलं, तर शिफ्टिंगचे वेगळे पैसे, आणि माणूस कधी येईल ते सांगता येणार नाही. संध्याकाळी मेसेज आला: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कोणी सोडवली? कधी? माझ्या घरात तर कोणी आलं नाही!

पुरे झाली थट्टा, कंपनीवाल्यांनो. बिलाची तारीख जवळ आली की तीन-तीन आठवणी पाठवता ना, मग दहा मीटर वायर गाडीत जास्तीची टाकताना हात का आखडतो? लॅनची साधी केबल १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. आपली घरं एवढी लांब नाहीत हो. तुमच्या आळसाची किंमत आम्ही डबे विकत घेऊन का भरायची? त्या मुलालाही दोष देत नाही, त्याला दिवसाला इतकी घरं उरकायला लावता, तो बिचारा आत कधी बघणार. पण वाचणाऱ्यांनो, तुम्ही तरी बघा. आतल्या खोलीत व्हिडिओ चालल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही. राग येईल त्याला, येऊ दे.

आणि बिल्डर साहेब, तुम्हीही ऐका. लॉबीत इटालियन मार्बल लावता, एसीला भोक ठेवता, इन्व्हर्टरला वेगळी लाइन देता, गच्चीवर योगा डेक बांधता. दारापासून मधल्या भिंतीपर्यंत स्लॅब टाकतानाच एक पाऊण इंची रिकामा पाइप टाकून ठेवायला काय जातं हो तुमचं?