‘गुत्त्यातली बडबड’ म्हणणाऱ्या वाचकास

‘रिलॅप्स’ या ब्रिटिश फॅनझीनवरील, म्हणजे विज्ञानकथांच्या जुन्या चाहत्यांच्या आठवणी छापणाऱ्या हौशी नियतकालिकावरील, माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे: ‘ही म्हाताऱ्यांची गुत्त्यातली बडबड आहे, आणि तिला इतिहास म्हणणारा लेखकही त्याच टेबलावरचा दिसतो. शिवाय पहिले विज्ञानकथा संमेलन लीड्सला नव्हे, फिलाडेल्फियाला भरले.’ मतभेदाचे मला वावडे नाही. पण ‘त्याच टेबलावरचा’ ही काय भाषा झाली? मी चहापलीकडे काही घेत नाही, आणि घेत असतो तरी त्याचा लेखाशी संबंध नव्हता.

एक चूक मान्य करतो. पीटर वेस्टन यांनी २००६ साली हे फॅनझीन सुरू केले तेव्हा त्याचे नाव ‘प्रोलॅप्स’ होते. ‘रिलॅप्स’ हे नंतरचे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘बडबड’. लंडनच्या फेटर लेनवरील ‘व्हाइट हॉर्स’ या गुत्त्यात गुरुवारी संध्याकाळी जमणाऱ्या चाहत्यांत विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क असत, पण तिथे कोणी इतिवृत्त लिहीत नव्हते. उरल्या त्या हाताने फिरवलेल्या यंत्रावर काढलेल्या फॅनझीनच्या थोड्याशा प्रती आणि माणसांच्या आठवणी. वेस्टन यांनी ‘रिलॅप्स’साठी त्या आठवणी लिहवून घेतल्या, आणि एकाने सांगितलेले दुसरा पुढच्या अंकाच्या पत्रव्यवहारात खोडून काढू शके. उलटतपासणी याहून वेगळी असते काय? आपण तो पत्रव्यवहार वाचलेला दिसत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. कॉलेजात असताना आम्ही दोन वर्षे सायक्लोस्टाईल केलेले अनियतकालिक काढत होतो. टंकयंत्रावरचा अनुस्वार जोरात पडला की स्टेन्सिलच्या मेणकागदाला भोक पडे आणि कागदावर तिथे शाईचा डाग उठे. मग त्या भोकावर उग्र वासाचा गुलाबी द्रव लावून, तो सुकेपर्यंत फुंकर घालत बसायचे. त्या अंकांची एकही प्रत आज माझ्याकडे नाही. उद्या कोणी त्यांचा इतिहास विचारला, तर त्याला माझी बडबडच ऐकावी लागेल.

राहता राहिले फिलाडेल्फिया. ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कचे काही चाहते तिथल्या चाहत्यांना भेटायला गेले आणि एका घरात बैठक झाली; ३ जानेवारी १९३७ रोजी लीड्सच्या थिऑसॉफिकल हॉलमध्ये आधी जाहीर केलेली सभा भरली. यांपैकी संमेलन कशाला म्हणायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. त्यावर मी इथे शब्द खर्च करणार नाही.

यापुढे आपला रोख लेखावर असू द्यावा. टेबलाचे मी पाहून घेईन.